सेनापती वळला, सैन्य वळलं नाही

"दोन वर्षं देश लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील." चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. बोलणाऱ्याचा राग बहुतेक वेळा खरा असतो. पुढारी भांडतात, कामं होत नाहीत, पैसा मधल्यामध्ये मुरतो, आणि तिकडे सीमेवर माणसं उभी असतात. मग वाटतं, त्यांनाच का बोलावू नये?

हा विचार प्रत्यक्षात आणायला निघालेल्या एका सेनापतीची ही गोष्ट. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. नेपोलियन सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो जिंकला. पण त्याच्या साडेसहा वर्षं आधी, त्याच फ्रान्समध्ये, त्याच क्रांतीच्या सैन्याला घेऊन दुसरा एक सेनापती पॅरिसवर चालून जायला निघाला होता आणि त्याच्याच सैनिकांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याचं नाव शार्ल-फ्रांस्वा द्युमूरिए.

हा कोणी लुंगासुंगा नव्हता. फ्रेंच प्रजासत्ताक जन्माला आलं तेव्हा ते वाचवणारा हाच.

जन्म १७३९, गाव कांब्रे. सात वर्षांच्या युद्धात तरुणपणी लढला आणि अंगावर वीसहून जास्त जखमा घेऊन बाहेर पडला. बक्षीस काय, तर एक पदक, कॅप्टनचा हुद्दा आणि छोटं पेन्शन. मग पंधराव्या लुईच्या गुप्त मुत्सद्देगिरीत शिरला. कॉर्सिकात गेला, पोलंडमध्ये बंडखोरांना मदत करायला गेला, तिथे रशियाच्या सुवोरोव्हकडून मार खाल्ला. दरबारातल्या भानगडींत अडकून काही महिने बास्तिलच्या तुरुंगातही बसला. मग शेरबूर बंदराचा कमांडंट म्हणून दहाएक वर्षं काढली. बंदराची कामं चांगली केली असं म्हणतात. पण विचार करा, पन्नाशी आली, अंगात हुशारी ठासून भरलेली आणि हातात एक बंदर. अशा माणसाला क्रांती म्हणजे लॉटरीच.

१७८९ नंतर तो जाकोबिन क्लबात दिसू लागला. मार्च १७९२ मध्ये सोळाव्या लुईने त्याला परराष्ट्रमंत्री केलं. मंत्री झाल्यावर काही दिवसांतच हा गडी डोक्यावर लाल टोपी घालून जाकोबिन क्लबात गेला आणि रोबेस्पिएरला मिठी मारून आला. राजाचा मंत्री, डोक्यावर क्रांतीची टोपी! वाऱ्याची दिशा ओळखणं ही त्याची खरी कला.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. युद्ध सुरू करणाऱ्यांत द्युमूरिए पहिल्या रांगेत होता. २० एप्रिल १७९२ रोजी फ्रान्सने ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारलं. सभागृहात विरोधात मतं पडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सगळ्यांनाच युद्ध हवं होतं. राजाला वाटत होतं, हरलो तर क्रांती बुडेल. जिराँदिन गटाला वाटत होतं, जिंकलो तर राजा बुडेल. आणि द्युमूरिएला वाटत होतं, काहीही झालं तरी मी वर येईन. त्या काळात युद्धाला ठाम विरोध करणारा मोठा माणूस एकच, तो म्हणजे रोबेस्पिएर. त्याचं म्हणणं होतं की लांबलेलं युद्ध देशाला शेवटी एखाद्या सेनापतीच्या दावणीला बांधतं. पुढे त्याने स्वतः काय केलं ते वेगळं, पण हे त्याचं म्हणणं त्या वर्षी कोणी ऐकलं नाही.

युद्धाची सुरुवात लाजिरवाणी झाली. फ्रेंच तुकड्या शत्रू दिसताच पळाल्या. १० ऑगस्टला पॅरिसमध्ये राजवाड्यावर हल्ला झाला आणि राजसत्ता कोसळली. तेव्हा सरहद्दीवर सैन्य घेऊन बसलेला लाफायेत राजधानीवर चालून जायच्या विचारात होता, पण सैन्य हललं नाही. १९ ऑगस्टला त्याने सीमा ओलांडली आणि ऑस्ट्रियनांच्या कैदेत पडला. म्हणजे पहिला प्रयोग तिथेच फसला होता. लाफायेतची रिकामी झालेली जागा मिळाली ती द्युमूरिएला. पुढच्या माणसाला ठेच लागली तरी मागच्याला शहाणपण येतंच असं नाही.

तोवर प्रशियाचं सैन्य आत घुसलेलं. २३ ऑगस्टला लाँग्वी पडलं, २ सप्टेंबरला व्हर्दं. पॅरिसचा रस्ता मोकळा. द्युमूरिए वेगाने आर्गोनच्या जंगलात शिरला आणि तिथल्या खिंडी अडवल्या. एक खिंड हातची गेली. दुसरा कोणी असता तर पॅरिसकडे मागे सरकला असता. हा सरकला नाही, दक्षिणेला वळून सेंत-मेनूला ठाण मांडून बसला आणि केलरमानच्या सैन्याची वाट बघितली. शत्रू पॅरिसकडे गेला असता तर त्याच्या पाठीवर हा बसला असता. डाव धाडसी होता आणि बरोबर होता.

२० सप्टेंबर १७९२, वाल्मी. पवनचक्कीच्या टेकडीवर केलरमान, एकूण सूत्रं द्युमूरिएच्या हातात. दिवसभर तोफा धडाडल्या. दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेच्या आसपास मेले-जखमी झाले असतील. त्या काळच्या लढायांच्या मानाने ही चकमकच म्हणायची. पण फ्रेंच फळी मोडली नाही. पावसाने, चिखलाने आणि हगवणीने आधीच अर्धमेलं झालेलं प्रशियाचं सैन्य पुढे आलं नाही आणि काही दिवसांनी माघारी निघालं. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये नव्या कन्व्हेन्शनने, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहाने, राजेशाही रद्द केली.

सहा आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, बेल्जियममध्ये जेमापला त्याने ऑस्ट्रियनांना समोरासमोर हरवलं. शत्रूच्या जवळजवळ तिप्पट माणसं त्याच्याकडे होती, पण ती बहुतेक नवशिकी. १४ नोव्हेंबरला ब्रसेल्स हातात आलं, महिनाअखेर लिएज. पॅरिसमध्ये त्याचं नाव घराघरात.

आणि इथून गाडी घसरायला लागली.

द्युमूरिएच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, हे आधी सांगतो, कारण नाहीतर गोष्ट फारच सोपी होऊन जाईल. युद्धखात्यात पाश नावाचा मंत्री होता. त्याच्या कारभारात पुरवठ्याचा पार बोजवारा उडाला. जिंकलेल्या सैन्याला हिवाळ्यात बूट नाहीत, घोड्यांना चारा नाही. द्युमूरिएने स्वतः कंत्राटदार गाठून माल घ्यायला सुरुवात केली, तर पॅरिसने ती कंत्राटं रद्द केली. वर १५ डिसेंबरचा हुकूम आला. जिंकलेल्या मुलखात जुनी सत्ता मोडा, चर्चची आणि सरंजामदारांची मालमत्ता ताब्यात घ्या, खर्च तिथूनच काढा. ज्या बेल्जियन लोकांनी आधी स्वागत केलं होतं तेच आता दारं लावून घेऊ लागले. द्युमूरिए ओरडून सांगत होता की मित्राला लुटलं तर तो शत्रू होणार. त्याचं बरोबर होतं. पण त्याच्या डोक्यात बेल्जियमबद्दल स्वतःची वेगळी गणितंही होती, हेही तितकंच खरं.

आणखी एक अडचण होती, ती पुढच्या गोष्टीला महत्त्वाची आहे. सैन्यात दोन प्रकारचे लोक होते. एक जुन्या राजाच्या पलटणींतले पगारी शिपाई. दुसरे स्वयंसेवक. १७९१ साली जिल्ह्याजिल्ह्यातून उभ्या राहिलेल्या तुकड्यांत एका मोहिमेपुरतं नाव नोंदवलेले, म्हणजे शेतकऱ्यांची, कारागिरांची, दुकानदारांची पोरं. आपले अधिकारी त्यांनी स्वतः मतं देऊन निवडले होते. गावाशी त्यांचा पत्रव्यवहार चालू, पॅरिसची वर्तमानपत्रं छावणीत वाचली जात. मोहीम संपली म्हणून त्या हिवाळ्यात हजारो स्वयंसेवक सरळ घरी निघून गेले. सेनापतीच्या दृष्टीने हा भयंकर प्रकार. "मुदत संपली, निघतो" म्हणणाऱ्या सैनिकाला काय करायचं? पण तोच सैनिक हेही मनाशी धरून होता की आपण कोणा साहेबाचे नोकर नाही.

जानेवारी १७९३ मध्ये राजाचा खटला चालू असताना द्युमूरिए पॅरिसमध्ये होता. राजाला वाचवायला काही करता येतं का ते त्याने चाचपलं, काही जमलं नाही. २१ जानेवारीला राजाचं डोकं गेलं. १ फेब्रुवारीला फ्रान्सने इंग्लंड आणि हॉलंडशीही युद्ध पुकारलं. द्युमूरिए हॉलंडमध्ये घुसला, ब्रेडा घेतलं. तोवर मागे ऑस्ट्रियन सेनापती कोबुर्गने बेल्जियममधल्या फ्रेंच फौजा उधळून लावल्या. याला परत बोलावलं गेलं.

१२ मार्चला त्याने कन्व्हेन्शनला एक पत्र पाठवलं. बेल्जियममधल्या लुटीबद्दल, पुरवठ्याबद्दल, पॅरिसच्या माणसांच्या नालायकीबद्दल. मजकूर बराचसा खरा, सूर मात्र धन्याने गड्याला दम द्यावा तसा. पत्र आधी दाबून ठेवलं गेलं. त्यानंतर सहाच दिवसांनी, १८ मार्चला, नीरविंडनला तो सपाटून हरला. डाव्या बाजूची फळी मोडली. तिकडे मिरांडा होता, तोच व्हेनेझुएलाचा मिरांडा, जो पुढे दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरला. द्युमूरिएने सगळं खापर त्याच्यावर फोडलं. मिरांडावर खटला चालला, मे महिन्यात तो निर्दोष सुटला. त्या काळात निर्दोष सुटणं हीच मोठी बातमी!

फ्रान्सची त्या महिन्यातली अवस्था बघा. तीन लाख माणसांची भरती जाहीर झालेली, त्याविरुद्ध पश्चिमेला व्हाँदे भागात शेतकऱ्यांचं बंड पेटलेलं. कागदी चलन घसरत चाललेलं, पॅरिसमध्ये किराणा दुकानं लुटली गेलेली, आणि आता सर्वांत मोठा सेनापती हरलेला. "देश वाचवायला कोणीतरी खमक्या हवा" असं म्हणायला यापेक्षा चांगला मुहूर्त सापडला नसता.

द्युमूरिएने तो मुहूर्त धरला. २५ मार्चच्या सुमारास त्याने ऑस्ट्रियनांच्या कर्नल माकशी बोलणी केली. ठरलं ते असं: ऑस्ट्रियन सैन्य थांबेल, हा फ्रेंच सैन्य घेऊन पॅरिसवर जाईल, कन्व्हेन्शन मोडेल आणि १७९१ च्या घटनेनुसार पुन्हा राजा बसवेल. बदल्यात कोंदेचा किल्ला ऑस्ट्रियाला तारण म्हणून द्यायचा. थोडक्यात, देश वाचवायचा आणि त्यासाठी सरहद्दीची किल्ली शत्रूच्या हातात ठेवायची. त्याला यात विसंगती दिसली नाही. स्वतःला देश समजायला लागलेल्या माणसाला ती दिसत नसावी.

पॅरिसला संशय आला होता. ३० मार्चला कन्व्हेन्शनने त्याला हजर होण्याचा हुकूम काढला आणि तो बजावायला चार प्रतिनिधी पाठवले: काम्यू, किनेत, लामार्क आणि बांकाल. सोबत युद्धमंत्री ब्योर्नोंव्हील, जो काही महिन्यांपूर्वी द्युमूरिएच्याच हाताखाली लढला होता. १ एप्रिलला संध्याकाळी हे पाच जण सेंत-आमांच्या छावणीत पोचले.

हे दृश्य मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एका बाजूला हजारो सशस्त्र माणसांचा सेनापती, भोवती त्याचे अधिकारी. दुसऱ्या बाजूला चार नागरी प्रतिनिधी आणि एक मंत्री, हातात एक कागद. काम्यू हा मूळचा वकील, राष्ट्रीय दफ्तरखान्याचा प्रमुख, कागदपत्रांत रमणारा माणूस. त्याने हुकूम वाचून दाखवला आणि विचारलं, पाळणार का? द्युमूरिए म्हणाला, आत्ता सैन्य सोडून येता येणार नाही. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी काम्यूने तिथल्या तिथे त्याला निलंबित केलं. हातात सैनिक नसताना, शत्रूच्या तोंडावर, भर छावणीत! द्युमूरिएने हुसार घोडेस्वारांना आत बोलावलं, पाचही जणांना धरलं आणि ऑस्ट्रियनांच्या हवाली केलं. तब्बल अडीच वर्षांनी, १७९५ च्या अखेरीस, सोळाव्या लुईच्या मुलीच्या बदल्यात ते सुटले.

आपल्याच देशाच्या मंत्र्याला आणि निवडून आलेल्या माणसांना शत्रूच्या ताब्यात देणं, इथे काहीतरी तुटलं. सैनिकांना कंत्राटं, हुकूम, बेल्जियमचं राजकारण यात गम्य नसेल, पण हे कळलं.

द्युमूरिएने जाहीरनामा काढला, पलटणींसमोर भाषणं केली. जुन्या पलटणींतल्या काहींनी जयजयकारही केला. लील शहर ताब्यात घ्यायला त्याने मियाचिन्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याला पाठवलं, तर तिथल्या लोकांनी त्यालाच अटक केली. मे महिन्यात तो गिलोटिनवर गेला. व्हालांसिएनने दरवाजे बंद केले. ज्या कोंदेचा किल्ला तारण द्यायचा होता, तिथली शिबंदीही वळेना. ३ एप्रिलला कन्व्हेन्शनने द्युमूरिएला देशद्रोही ठरवून 'कायद्याबाहेर' टाकलं आणि डोक्यावर तीन लाख लिव्हरचं इनाम लावलं. कायद्याबाहेर म्हणजे खटला नाही, अपील नाही. ओळख पटली की संपलं. हा शब्दही लक्षात ठेवा.

४ एप्रिलच्या सकाळी तो थोड्या लोकांनिशी ऑस्ट्रियनांना भेटायला कोंदेच्या दिशेने निघाला. वाटेत स्वयंसेवकांच्या तीन तुकड्या समोर आल्या, वरून कोणताही हुकूम नसताना कोंदेकडे निघालेल्या. त्यात योन जिल्ह्याची तिसरी तुकडी होती. तिचा लेफ्टनंट कर्नल एक बावीस वर्षांचा पोरगा, घराण्याने उमराव, पण शिपायांनी मतं देऊन निवडलेला. नाव लुई-निकोला दावू. द्युमूरिए या तुकड्यांना मागे फिरण्याचा लेखी हुकूम द्यायला एका घराकडे वळला. तेवढ्यात आरडाओरडा सुरू झाला, मग गोळ्या. त्याचा घोडा खंदकापाशी अडला. वाल्मीचा विजेता चालत, धडपडत शेतातून पळाला, दुसऱ्याच्या घोड्यावर बसला आणि नावेतून शेल्ट नदी ओलांडून सुटला. बरोबरचे काही जण तिथेच मेले.

एवढ्यावर तरी थांबावं! दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आपल्या छावणीत आला, सैन्याला समजवायला. पण आला तो ऑस्ट्रियन घोडेस्वारांच्या पहाऱ्यात. कालपर्यंत ज्यांच्यावर गोळ्या झाडत होते त्या पांढऱ्या गणवेशातले स्वार आपल्या सेनापतीच्या मागे-पुढे बघून उरलेसुरलेही बिथरले. आधी तोफखाना निघाला, व्हालांसिएनच्या दिशेने. त्यामागे बाकीच्या पलटणी. द्युमूरिएच्या सोबत पलीकडे गेले ते मोजके अधिकारी, काही घोडेस्वार, ऑर्लिआंच्या ड्यूकचा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि फर्निग बहिणी. या दोन बहिणी म्हणजे स्वतंत्र पोस्टचा विषय. सरहद्दीवरच्या गावातल्या, हातात शस्त्र घेऊन जेमापला लढलेल्या, द्युमूरिएच्या छावणीतल्या अधिकारी म्हणून गाजलेल्या. सेनापतीबरोबर त्यांचंही नाव गेलं.

सेनापती सुटला, किंमत इतरांनी मोजली. ६ एप्रिलला कन्व्हेन्शनने सार्वजनिक सुरक्षा समिती नेमली, तीच जी पुढे रोबेस्पिएरच्या काळात दहशतीचं इंजिन बनली. जिराँदिन गटाचा हा लाडका सेनापती होता. दोन महिन्यांत तो गट सभागृहातून हाकलला गेला. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा बाप, ऑर्लिआंचा ड्यूक, ज्याने राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं होतं, तो नोव्हेंबरमध्ये गिलोटिनवर चढला. आणि यापुढे प्रत्येक सेनापतीच्या मानेवर पॅरिसचा डोळा. क्युस्तीन ऑगस्टमध्ये गेला. उशारची गोष्ट तर विचित्रच. शिपाईगिरीतून वर आलेला, चेहऱ्यावर जखमांचे व्रण वागवणारा हा माणूस सप्टेंबरमध्ये होंडस्कूटला इंग्रज-हॅनोव्हर सैन्याविरुद्ध जिंकला. पण पाठलाग नीट केला नाही असा ठपका येऊन नोव्हेंबरमध्ये त्याचंही डोकं उडवलं. जिंकलेल्याला फाशी! द्युमूरिएने जो संशय पेरला त्याचं पीक उशारने कापलं. दहशतीचं समर्थन करायची मला गरज नाही, ती भयंकरच होती. पण ती आकाशातून पडली नाही, तिच्या मुळाशी सेंत-आमांची ती संध्याकाळही आहे.

आता खरा प्रश्न. १७९३ मध्ये जे सैनिक राजधानीवर चालून जायला तयार झाले नाहीत, त्यांच्याच सैन्याने नोव्हेंबर १७९९ मध्ये बोनापार्टसाठी सभागृह कसं रिकामं केलं? नेपोलियन जास्त हुशार होता, हे उत्तर मला अपुरं वाटतं. द्युमूरिएही काही कमी हुशार नव्हता.

मधल्या सहा वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. पहिली, पगार. १७९३ चा सैनिक आपल्या मातीत उभा होता आणि त्याची भाकरी, कितीही कच्ची असली तरी, पॅरिसहून येत होती. १७९४ नंतर फ्रेंच फौजा सरहद्दीपलीकडे गेल्या, कागदी चलनाची रद्दी झाली आणि "जिंकलेल्या मुलखावर जगा" हे धोरणच ठरलं. १७९६ च्या मे महिन्यात बोनापार्ट मिलानमध्ये शिरला आणि त्याने सैनिकांचा अर्धा पगार रोख नाण्यांत द्यायला सुरुवात केली. कित्येकांनी वर्षानुवर्षं चांदीचं नाणं हातात धरलं नव्हतं. इटलीतली लूट तो पॅरिसच्या सरकारलाही पाठवत होता. म्हणजे आता सरकार सैन्याला पोसत नव्हतं, सेनापती सरकारला पोसत होता. सैन्यासाठी त्याने स्वतःचं वर्तमानपत्रही काढलं. छावणीत पॅरिसचा पेपर यायचा, त्याच्या जोडीला आता साहेबाचा पेपर आला.

दुसरी गोष्ट जास्त बोचते, कारण ती पुढाऱ्यांनी स्वतः केली. १७९३ च्या कन्व्हेन्शनने सेनापतीकडे कागद घेऊन काम्यू पाठवला होता. ऑक्टोबर १७९५ मध्ये त्याच कन्व्हेन्शनने पॅरिसमधल्या विरोधकांवर तोफा चालवायला बोनापार्टला बोलावलं. सप्टेंबर १७९७ मध्ये निवडणुकीत राजाकडे झुकलेले लोक जास्त निवडून आले म्हणून सरकारने जनरल ओझरोला बोलावून सभागृहाला सैन्याचा वेढा घातला आणि डझनांवारी जागांची निवडणूक रद्द केली. प्रत्येक वेळी कारण एकच, प्रजासत्ताक धोक्यात आहे. प्रत्येक वेळी सैन्य आलं, काम करून बराकीत गेलं. मग १७९९ मध्ये सिएयेस नावाचा जुना क्रांतिकारक, स्वतः सरकारात बसलेला, घटना बदलण्यासाठी एक 'तलवार' शोधू लागला. आधी त्याची नजर जनरल जूबेरवर होती. तो ऑगस्टमध्ये नोव्हीच्या लढाईत मारला गेला. मग मिळाला बोनापार्ट.

आणि तरीही, १० नोव्हेंबर १७९९ रोजी सेंत-क्लूच्या राजवाड्यात गोष्ट जवळजवळ फसलीच होती. बोनापार्ट पाचशेंच्या सभागृहात शिरला तेव्हा प्रतिनिधी अंगावर धावून आले आणि ओरडले: "कायद्याबाहेर! कायद्याबाहेर!" तोच शब्द, ज्याने द्युमूरिएला संपवलं. बोनापार्टला शिपायांनी ओढून बाहेर काढलं. बाहेर सभागृहाच्या पहाऱ्याचे सैनिक घुटमळत उभे होते. त्यांच्या मनात १७९३ अजून थोडं शिल्लक होतं. तेव्हा त्याचा भाऊ ल्यूसियाँ, जो नेमका त्या दिवशी त्याच सभागृहाचा अध्यक्ष होता, घोड्यावर बसून त्यांना सांगू लागला की आत काही सुरेवाल्या गुंडांनी सभागृह वेठीला धरलंय, सोडवा. म्हणजे सैनिक शेवटी वळले तेही सभागृहाच्या अध्यक्षाच्या तोंडून हुकूम आल्यावर. ढोल वाजले, म्यूरा ग्रेनेडियर घेऊन आत शिरला, प्रतिनिधी खिडक्यांतून उड्या टाकून पळाले.

द्युमूरिएकडे ल्यूसियाँ नव्हता. त्याच्यासमोर काम्यू होता.

बाकीच्यांचं पुढे काय झालं? ज्या दावूच्या तुकडीने बंडखोर सेनापतीवर गोळ्या झाडल्या, तोच दावू १८०४ मध्ये नेपोलियनचा मार्शल झाला आणि दोन वर्षांनी आउअरश्टेटला प्रशियाला धूळ चारली. किनेत नेपोलियनच्या राजवटीत प्रांताचा अधिकारी आणि बॅरन झाला. तो एकोणीस वर्षांचा ड्यूकपुत्र १८३० मध्ये लुई-फिलिप या नावाने फ्रान्सचा राजा झाला. कर्नल माक जनरल झाला आणि १८०५ मध्ये उल्मला सगळ्या सैन्यासकट नेपोलियनला शरण गेला. कोंदे आणि व्हालांसिएन ऑस्ट्रियनांनी जुलै १७९३ मध्ये वेढा घालून घेतलेच, पुढच्याच वर्षी ते गेलेही.

द्युमूरिए युरोपभर भटकला. आठवणी लिहून स्वतःची बाजू मांडली. कुठल्याच दरबाराला तो पूर्ण विश्वासाचा वाटला नाही, राजेशाहीवाल्यांना तर जाकोबिन मंत्री म्हणून त्याचा तिटकाराच होता. शेवटी इंग्लंडने पेन्शन दिलं आणि फ्रान्सच्या स्वारीपासून बचाव कसा करायचा यावर त्याच्याकडून सल्ले घेतले. १८१४ मध्ये फ्रान्समध्ये पुन्हा राजा आला, म्हणजे ज्यासाठी त्याने सगळं पणाला लावलं होतं तेच घडलं. पण त्या राजालाही तो नको होता. १४ मार्च १८२३ रोजी इंग्लंडमध्ये टर्व्हिल पार्क इथे तो वारला. टेम्स नदीकाठच्या हेन्लीच्या चर्चमध्ये त्याला पुरलं.

पॅरिसच्या विजयकमानीवर सेनापतींची शेकडो नावं कोरलेली आहेत, त्यात द्युमूरिएचंही आहे. ती कमान नेपोलियनने सुरू केली आणि लुई-फिलिपने १८३६ मध्ये पूर्ण केली. वाल्मीच्या टेकडीवर मात्र केलरमानचं हृदय पुरलेलं आहे, त्याच्या स्वतःच्या इच्छेप्रमाणे.